कारमधला सबवूफर आणि अॅम्प्लिफायर: वॅटची जोडी कशी जमवावी

सोलापुरातल्या कार अॅक्सेसरीजच्या दुकानात सबवूफर, म्हणजे खालचे घुमणारे सूर वाजवणारा स्पीकर, घ्यायला आलेला ग्राहक बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो ‘हा किती वॅटचा?’ असा. दुकानदार खोक्यावरचा आकडा वाचून दाखवतो, त्याच्या जवळपासचा आकडा छापलेला अॅम्प्लिफायर फळीवरून खाली येतो आणि जोडी ठरून जाते. अशी जोडी कधी कधी चांगली वाजतेही. पण अनेकदा काही महिन्यांत सबवूफरची कॉइल जळते, किंवा गाणी थोडा वेळ मोठ्याने लावली की अॅम्प्लिफायर आपोआप बंद पडू लागतो, किंवा भरपूर खर्च करूनही आवाजाला हवे तसे वजन येत नाही. या तक्रारी आल्या की दोष वस्तूला दिला जातो. प्रत्यक्षात वस्तू ठीक असतात आणि चूक त्या एकमेकींना जोडताना झालेली असते. सबवूफर किती शक्ती सतत पेलू शकतो, त्याच्या कॉइलचा रोध किती आहे, त्या रोधावर अॅम्प्लिफायर नेमके किती देतो आणि तेवढे देण्यासाठी लागणारी वीज गाडी पुरवू शकते का, एवढे समजून घेतले तर ही निवड कुणालाही स्वतः करता येते.

आधी वॅटचे पाहू. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१२०० वॅट’ असे छापलेले असते आणि आतल्या माहितीपत्रकात ‘आरएमएस ३०० वॅट’ अशी बारीक नोंद असते. पहिला आकडा कमाल शक्तीचा, म्हणजे क्षणभर येणाऱ्या धक्क्याचा असतो. तो कसा मोजला हे उत्पादक क्वचितच सांगतो, आणि त्यामुळे दोन कंपन्यांचे कमाल आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. दुसरा आकडा सतत पेलता येणाऱ्या शक्तीचा असतो. तो महत्त्वाचा ठरतो याचे कारण उष्णता. सबवूफरला मिळालेल्या विजेपैकी जेमतेम एक टक्का, बहुतेकदा त्याहूनही कमी, आवाजात रूपांतरित होते आणि बाकीची जवळपास सगळी व्हॉइस कॉइलमध्ये उष्णता होऊन राहते. कॉइल म्हणजे एका नळीवर गुंडाळलेली बारीक तार असते. तिच्यावरचा वॉर्निश आणि तिला धरून ठेवणारा गोंद एका मर्यादेपर्यंतच तापमान सहन करतात, आणि आरएमएसचा आकडा मुख्यतः ही मर्यादा सांगतो. म्हणून निवड करताना ‘मॅक्स’, ‘पीक’, ‘पीएमपीओ’ हे शब्द ज्याच्यापुढे असतील तो आकडा बाजूला ठेवावा आणि आरएमएस कुठे लिहिले आहे ते शोधावे. ते कुठेच लिहिलेले नसेल तर तो सबवूफर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अॅम्प्लिफायरच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी लागते. त्याची शक्ती मोजण्यासाठी अमेरिकेत उद्योगक्षेत्राने ठरवलेले एक मानक आहे, ज्याला पूर्वी सीईए-२००६ आणि आता सीटीए-२००६ म्हणतात. त्यानुसार १४.४ व्होल्टच्या पुरवठ्यावर, ४ ओहमच्या (ओहम हे रोधाचे एकक) भारावर आणि आवाजातील विकृती एक टक्क्याच्या आत असताना मिळणारी शक्तीच अधिकृत मानली जाते. हे मानक ऐच्छिक आहे, त्यामुळे प्रत्येक डब्यावर त्याचा उल्लेख सापडेलच असे नाही. उल्लेख नसेल तर अॅम्प्लिफायरच्या कडेला खोचलेले फ्यूज पाहावेत, कारण आत जाईल तेवढ्यातूनच बाहेर येणार. समजा डब्यावर २००० वॅट लिहिले आहे आणि कडेला ३० अँपिअरचा एकच फ्यूज आहे. गाडी चालू असताना १३.८ व्होल्ट धरले तर आत जाऊ शकणारी शक्ती ३० गुणिले १३.८, म्हणजे सुमारे ४१४ वॅट भरते. क्लास डी प्रकारच्या अॅम्प्लिफायरची कार्यक्षमता साधारण ८० टक्के धरली तर बाहेर येतील ३३० वॅट, आणि जुन्या क्लास एबी पद्धतीचा असेल तर सुमारे ५५ टक्क्यांच्या हिशेबाने सव्वादोनशेच्या आसपास. फ्यूज क्षणभर त्याच्या क्षमतेहून जास्त प्रवाह जाऊ देतो, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नसतो. पण २००० वॅटचा दावा किती पोकळ आहे हे कळण्यास तो पुरेसा आहे. दुकानात उभ्या उभ्या, कागदपत्र न वाचता करता येणारी याहून चांगली पारख मला माहीत नाही.

आता ओहम. या भागात सर्वाधिक चुका होतात, म्हणून इथे जरा थांबू या. अॅम्प्लिफायर सबवूफरच्या टोकांना व्होल्टेज पुरवतो आणि त्या व्होल्टेजवर किती शक्ती वाहील हे समोरचा रोध ठरवतो. सूत्र साधे आहे: व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. २० व्होल्ट ४ ओहमवर दिले तर १०० वॅट होतात. तेच २० व्होल्ट २ ओहमवर दिले तर २०० वॅट होतात आणि प्रवाहही ५ अँपिअरवरून १० अँपिअरवर जातो. म्हणजे रोध निम्मा झाला की कागदावर शक्ती दुप्पट होते. प्रत्यक्षात अॅम्प्लिफायरचा अंतर्गत पुरवठा आणि त्याची उष्णता यांमुळे ती नेमकी दुप्पट होत नाही. त्यामुळेच एकाच मोनो, म्हणजे एका चॅनेलच्या, अॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात ४ ओहमवर २०० वॅट, २ ओहमवर ३५० वॅट आणि १ ओहमवर ५०० वॅट अशा तीन वेगवेगळ्या नोंदी दिसतात. यांपैकी आपल्याला लागू होणारी नोंद कोणती, हे आपल्या सबवूफरच्या जोडणीवरून ठरते. विक्रेता बहुधा सर्वांत मोठी नोंद सांगतो.

हाच अॅम्प्लिफायर आणि ३०० वॅट आरएमएसचा एक सबवूफर धरून पाहू. सबवूफर ४ ओहमच्या एका कॉइलचा असेल तर त्याला २०० वॅट मिळतील. तो उत्तम वाजेल, मात्र त्याची पूर्ण क्षमता वापरली जाणार नाही. सबवूफर दोन कॉइलचा असेल आणि प्रत्येक कॉइल ४ ओहमची असेल तर आपल्यापुढे दोन मार्ग असतात. दोन्ही कॉइल समांतर जोडल्या, म्हणजे धनाला धन आणि ऋणाला ऋण, तर एकत्रित रोध २ ओहम होतो आणि अॅम्प्लिफायर ३५० वॅटपर्यंत देऊ शकतो. ही जोडी जमली. त्याच कॉइल एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडल्या तर रोध ८ ओहम होतो आणि शक्ती साधारण १०० वॅटवर येते. वस्तू त्याच, खर्च तोच, फरक फक्त एका छोट्या वायरच्या तुकड्याचा, आणि तरीही शक्तीत साडेतीन पटींचे अंतर पडते. पुढे कुणी असाच दुसरा सबवूफर घेऊन आला तर चारही कॉइल समांतर जोडून १ ओहम मिळवता येतो. तेव्हा ५०० वॅट दोघांत वाटले जाऊन प्रत्येकाला २५० मिळतात. उलट प्रत्येक सबवूफरच्या कॉइल सिरीजमध्ये ठेवून ते दोन समांतर जोडले तर रोध पुन्हा ४ ओहम होतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १०० वॅट येतात. २ ओहमच्या दोन कॉइल असलेला सबवूफर मात्र १ किंवा ४ ओहमच देऊ शकतो. त्यातून २ ओहम कधीच मिळणार नाही. म्हणून सबवूफर घेण्याआधी अॅम्प्लिफायर कोणता हे ठरलेले असावे, किंवा निदान दोन्हींची माहितीपत्रके शेजारी ठेवून पाहावीत.

अॅम्प्लिफायरला सोसवणाऱ्या किमान रोधाच्या खाली जाणे धोक्याचे आहे. ‘२ ओहम स्टेबल’ अॅम्प्लिफायरला १ ओहमचा भार जोडला तर सुरुवातीला आवाज वाढलेला जाणवतो आणि त्यामुळे बसवणाऱ्याला आपले काम फत्ते झाले असे वाटते. परंतु दुप्पट प्रवाहाने आतले ट्रान्झिस्टर तापतात, प्रोटेक्शनचा लाल दिवा लागतो आणि संरक्षण व्यवस्था कच्ची असेल तर ते जळूनही जातात. दोन चॅनेलचा अॅम्प्लिफायर ब्रिज करून, म्हणजे दोन्ही चॅनेल एकत्र करून, एका सबवूफरला जोडताना हे विशेष लक्षात ठेवावे, कारण ब्रिज केलेल्या स्थितीत ४ ओहमचा सबवूफर प्रत्येक चॅनेलला २ ओहमसारखा जाणवतो. दोन कॉइलपैकी एकच जोडून दुसरी मोकळी सोडणे हीदेखील नित्य दिसणारी चूक आहे. तसे केल्यास सबवूफरची शक्ती पेलण्याची क्षमता ढोबळमानाने निम्मी होते. दुसरी कॉइल उलटी जोडली गेली तर दोन्ही कॉइल शंकूला (सबवूफरच्या पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याला) विरुद्ध दिशांना ओढतात, आवाज जवळजवळ येत नाही आणि सगळी शक्ती उष्णतेत जाते.

मल्टिमीटरने ४ ओहमच्या कॉइलचा रोध मोजला तर तो साडेतीनच्या आसपास दिसतो. यात काही बिघाड नाही. छापलेले ४ ओहम हे नाममात्र मूल्य असते, आणि वाजत असताना सबवूफरचा रोध कंपनसंख्येनुसार सतत बदलतो. बॉक्सच्या अनुनादाजवळ, म्हणजे बॉक्समधला सबवूफर ज्या कंपनसंख्येवर आपसूक घुमतो तिच्याजवळ, तो कित्येक पटींनी वाढतो. म्हणून आपण काढलेले वॅट ही कमाल बाजू समजावी आणि प्रत्यक्ष शक्ती बहुतेक काळ तिच्या खालीच असते हे जाणून असावे.

मग अॅम्प्लिफायर सबवूफरपेक्षा मोठा असावा की लहान? माझ्या मते त्या विशिष्ट रोधावर अॅम्प्लिफायरची आरएमएस शक्ती सबवूफरच्या आरएमएसइतकी किंवा तिच्याहून चतुर्थांशाने अधिक असावी. ३०० वॅटच्या सबवूफरसाठी ३०० ते ३७५ वॅट देणारा अॅम्प्लिफायर योग्य. यावर हमखास शंका येते की मोठा अॅम्प्लिफायर सबवूफर जाळणार नाही का, लहान घेतलेला सुरक्षित नाही का. याचे उत्तर क्लिपिंगमध्ये आहे.

अॅम्प्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे ओढला गेला की लाटेचा माथा कापला जातो. गोलाई जाऊन ती चौकोनी होऊ लागते. त्याच उंचीच्या गोल लाटेच्या तुलनेत पूर्ण चौकोनी लाटेत दुप्पट शक्ती असते. म्हणजे ३०० वॅटचा अॅम्प्लिफायर कानठळ्या बसेपर्यंत रेटला, तर त्याचा पुरवठा तग धरेपर्यंत, तो सहाशेच्या दिशेने जाऊ शकतो आणि ३०० वॅटची कॉइल ते फार काळ सोसू शकत नाही. कॉइलला थंड ठेवणारी हवा शंकूच्या हालचालीने खेळती राहते. कापलेल्या लाटेत शक्ती दुपटीने वाढली तरी शंकूची धाव त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून उष्णता वाढते आणि गारवा तेवढाच राहतो. मात्र ‘कमी वॅटचा अॅम्प्लिफायर सबवूफर जाळतो’ हे जे सरसकट सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे. १०० वॅटचा अॅम्प्लिफायर कितीही रेटला तरी दोनशेच्या पलीकडे जाणार नाही, आणि ५०० वॅटच्या सबवूफरला त्याने काही होणार नाही. कॉइल जळते ती तिला पेलवेल त्याहून जास्त सरासरी शक्ती मिळाल्यामुळे, मग ती मोठ्या अॅम्प्लिफायरकडून येवो वा कापलेल्या लाटेतून. थोडा मोठा अॅम्प्लिफायर घेण्याचा फायदा इतकाच की लाट न कापता हवा तेवढा आवाज मिळतो. तो मर्यादेत ठेवण्याची जबाबदारी गेनची.

गेनचे बटण आवाज वाढवण्यासाठी असते, हा समज सोडून द्यायला हवा. स्टिरिओमधून येणारा संकेत कुणाचा २ व्होल्टचा असतो, कुणाचा ४ चा. तो संकेत जितका असेल त्यावर अॅम्प्लिफायरने आपली पूर्ण शक्ती गाठावी, एवढीच जुळवणी गेन करतो. ती डोळे मिटून, कानांवर भरवसा ठेवून करण्यापेक्षा साध्या मल्टिमीटरने करावी. आपल्याला हवी असलेली शक्ती आणि रोध यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की अॅम्प्लिफायरच्या टोकांवर दिसायला हवे ते व्होल्टेज मिळते. ३०० वॅट आणि २ ओहम असतील तर गुणाकार ६०० येतो आणि वर्गमूळ साडेचोवीस व्होल्ट. ३०० वॅट आणि ४ ओहम असतील तर ३४.६ व्होल्ट, ५०० वॅट आणि १ ओहम असेल तर २२.४ व्होल्ट. सबवूफरच्या वायरी सोडवून ठेवाव्यात, बेस बूस्ट (खालचे सूर वाढवणारे बटण) आणि इक्वलायझर शून्यावर आणावेत, स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवावा आणि ० डेसिबलवर ध्वनिमुद्रित केलेला ५० हर्ट्झचा सूर वाजवावा. ५० हर्ट्झ यासाठी की साधे मल्टिमीटर आपल्या घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठीच बनवलेले असतात आणि त्या सुरावर त्यांचे वाचन भरवशाचे असते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून गेन हळूहळू वाढवत ठरलेल्या आकड्यावर थांबावे. अॅम्प्लिफायरची आणि सबवूफरची शक्ती वेगवेगळी असेल तर दोहोंपैकी लहान आकडा हिशेबात घ्यावा. वायरी सोडवलेल्या असताना अॅम्प्लिफायर प्रत्यक्ष भारापेक्षा जास्त व्होल्टेज दाखवू शकतो, आणि मल्टिमीटरला लाट कापली गेली की नाही ते कळत नाही, त्यासाठी लाटेचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो. या दोन मर्यादा ध्यानात घेऊन आकड्याच्या किंचित खालीच राहिलेले बरे.

ही जुळवणी झाल्यावर बेस बूस्टला हात लावू नये. ६ डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या कंपनसंख्येवर चौपट शक्तीची मागणी, आणि १२ डेसिबल म्हणजे सोळापट. ३०० वॅटच्या अॅम्प्लिफायरकडे सोळापट शक्ती कुठून येणार? तो फक्त लाट कापत राहील. मोबाईलवरून मोबाईलवर फिरणारी पुष्कळ रीमिक्स गाणी तयार करतानाच माथा कापलेल्या लाटांची असतात, आणि त्यांतला बेस सलग घुमत राहतो. ढोलकीचा ठोका क्षणात उठतो आणि विरतो, त्यामुळे त्याची सरासरी शक्ती शिखराच्या मानाने बरीच कमी असते. सलग घुमणाऱ्या बेसमध्ये कॉइलला अशी उसंत मिळत नाही. अशीच गाणी तासन्‌तास ऐकणाऱ्याने गेन आणखी खाली ठेवावा.

शक्ती वाढवून आवाज किती वाढतो, याबद्दलच्या अपेक्षाही जमिनीवर असाव्यात. शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला तो दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. ३०० वॅटऐवजी ५०० वॅट दिले तर फरक २.२ डेसिबलचा, लक्ष देऊन ऐकले तरच जाणवेल असा. याउलट ८४ डेसिबल संवेदनशीलतेच्या (ठरावीक शक्तीवर मिळणाऱ्या आवाजाच्या) सबवूफरऐवजी ९० डेसिबलचा निवडला तर चौपट शक्ती वाढवल्याचा परिणाम अॅम्प्लिफायर न बदलता मिळतो. माहितीपत्रकातला हा आकडा कुणी पाहत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता वीज कुठून येते ते पाहू, कारण सोलापूरच्या हवामानाचा संबंध इथे येतो. ५०० वॅट देणारा क्लास डी अॅम्प्लिफायर पूर्ण जोरात वाजताना १३.८ व्होल्टवर सुमारे ४५ अँपिअर ओढतो. क्लास एबी असेल तर ६५ च्या पुढे. लहान पेट्रोल गाडीत बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-अवरची असते आणि इंजिनवर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर, गाडी उभी असून इंजिन मंद चालताना, त्याच्या छापील क्षमतेच्या बराच खाली चालतो. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असताना सात रस्ता किंवा पार्क चौकात सिग्नलला थांबलेल्या गाडीत एसीचा ब्लोअर पूर्ण वेगात असतो, रेडिएटरचा पंखा सारखा चालू होतो, आणि संध्याकाळ असेल तर हेडलाइटचे आणखी ८-१० अँपिअर त्यात मिळतात. अशा वेळी अल्टरनेटर पुरा पडत नाही, उरलेला प्रवाह बॅटरी देते आणि व्होल्टेज खाली येते. हेडलाइट बेसच्या ठोक्याबरोबर मंदावताना दिसतात ते यामुळेच. ज्या अॅम्प्लिफायरमध्ये पुरवठा स्थिर ठेवण्याची व्यवस्था नसते त्याची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते: १४.४ व्होल्टवर मोजलेली शक्ती १२.५ व्होल्टवर पाऊण राहते. मग लाट आधीच कापली जाऊ लागते आणि साडेचोवीस व्होल्टवर नीट लावलेला गेनसुद्धा जास्त ठरतो. माझा सल्ला असा की अल्टरनेटर आणि बॅटरी न बदलता लहान हॅचबॅकमध्ये ५०० वॅट आरएमएसच्या वर जाऊ नये. पुणे रस्त्यावर किंवा तुळजापूरला जाता-येता भरदार आवाज ऐकायला ३०० वॅट भरपूर होतात.

वायरीत वाया जाणारे व्होल्टेज याच हिशेबातले. शेतात विहीर खांबापासून लांब असली आणि केबल बारीक असली की मोटर दमते, हे सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. बोनेटमधल्या बॅटरीपासून डिकीतल्या अॅम्प्लिफायरपर्यंत तेच घडते. ५ मीटर लांबीच्या ८ गेजच्या तांब्याच्या वायरीत ४५ अँपिअरवर जवळपास अर्धा व्होल्ट पडतो, ४ गेजच्या वायरीत ०.२ व्होल्टहून कमी. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. स्वस्त किटमधली वायर बहुधा वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असल्याने अशी वायर एक-दोन माप जाड घ्यावी लागते. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत मुख्य फ्यूज बसवलाच पाहिजे. तो अॅम्प्लिफायरसाठी नसून वायरीसाठी असतो: वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर बॅटरीचा शेकडो अँपिअरचा प्रवाह तिच्यातून वाहू शकतो आणि गाडीला आग लागते. अर्थची वायर तितक्याच जाडीची, शक्य तितकी आखूड आणि रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट आवळलेली असावी. सीटबेल्टच्या बोल्टला ती कधीही जोडू नये.

उन्हाचा थेट परिणामही होतो. उघड्यावर लावलेल्या बंद गाडीतले तापमान बाहेरच्याहून वीसेक अंशांनी सहज वाढते, आणि तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढत असतो. वाजता वाजता कॉइल १०० अंशांनी तापली तर तिचा रोध जवळपास चाळीस टक्क्यांनी वाढतो आणि त्याच व्होल्टेजवर तिला मिळणारी शक्ती बहात्तर टक्क्यांवर येते. आवाज दबल्यासारखा वाटतो, ऐकणारा तो आणखी वाढवतो आणि कॉइल आणखी तापते. म्हणून दुपारी गाडी उन्हातून काढल्यावर एसीने आतली हवा निवेपर्यंत आवाज मध्यम ठेवावा. अॅम्प्लिफायर गालिच्याखाली दडपून किंवा सबवूफरच्या बॉक्सवर बसवू नये. त्याच्या उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पात्यांभोवती हवा खेळायला जागा हवी आणि बॉक्सच्या हादऱ्यांपासून त्याचे सोल्डर वाचायला हवे.

आरएमएसचा आकडा उष्णतेची मर्यादा सांगतो, पण शंकू किती पुढे-मागे जाऊ शकतो ही मर्यादा वेगळी असते आणि ती बॉक्सवर अवलंबून असते. बंद बॉक्समध्ये आतली हवाच शंकूला आवर घालते, त्यामुळे पूर्ण शक्ती सहसा निर्धोकपणे देता येते. पोर्ट (हवा ये-जा करणारे नळीसारखे छिद्र) असलेल्या बॉक्समध्ये ठरावीक कंपनसंख्येच्या आसपास त्याच शक्तीत अधिक आवाज मिळतो, परंतु तिच्या खाली शंकूवरचा आवर सुटतो आणि शंभर वॅटदेखील त्याला ‘फट्’ असा आवाज करत टोकापर्यंत नेऊ शकतात. बॉक्स ३५ हर्ट्झला जुळवलेला असेल तर अॅम्प्लिफायरवरचा सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) ३० च्या आसपास लावावा. अॅम्प्लिफायरमध्ये हा फिल्टर नसेल तर पोर्टचा बॉक्स टाळावा. गाडीची बंद जागा खालच्या सुरांना स्वतःच उठाव देते, त्यामुळे हॅचबॅकच्या डिकीतला लहानसा बंद बॉक्स बहुतेकांना पुरेसा वाटतो. सीटखालच्या तयार सबवूफरमध्ये अॅम्प्लिफायर आतच जुळवून दिलेला असतो. तिथे वरचा ओहमचा हिशेब करावा लागत नाही, वायर आणि फ्यूजचा मात्र करावाच लागतो.

शक्ती ठरवताना आपण कुठे राहतो हेही पाहावे. खालचे सूर भिंतींतून सहज आरपार जातात, आणि जुन्या पेठांतल्या अरुंद बोळांत गाडीची काच बंद असली तरी ते घराघरांत पोहोचतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे.

जोडणी पूर्ण झाल्यावर एकदा इंजिन चालू ठेवून, नेहमीच्या सर्वांत मोठ्या आवाजात अॅम्प्लिफायरच्या धन आणि अर्थ टोकांवर डीसी व्होल्टेज मोजावे. ते बेसच्या ठोक्यांना साडेबारा व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरीच्या टोकांवर तेच मोजून पाहावे. तिथे व्होल्टेज ठीक असेल तर दोष वायरीत, अर्थमध्ये किंवा फ्यूजच्या सैल पकडीत आहे. तिथेही ते पडत असेल तर गाडीची वीज अपुरी आहे आणि गेन खाली आणावा लागेल. खराब रस्त्यांच्या हादऱ्यांनी स्क्रू सैल होतात, म्हणून पहिल्या महिन्यानंतर सगळ्या जोडण्या पुन्हा आवळाव्यात आणि तेव्हा मुख्य फ्यूजच्या धारकाला हात लावून पाहावा. तो गरम लागत असेल तर पकड सैल आहे किंवा वायर बारीक पडते आहे.